तांब्याला सुरकुत्या नसतात

सोमवार, ४ तारीख

भिंगरे,

आजीचा आशीर्वाद घे आणि आधी खाली बस. पत्र बघून घाबरली असशील. कोणी मेलेलं नाही. आम्ही दोघं धडधाकट आहोत. तूही असशीलच, नाहीतर तुझ्या आईने एव्हाना घर डोक्यावर घेतलं असतं.

चौथीच्या पुढे शाळेने मला ठेवून घेतलं नाही, त्यामुळे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण कोंबडी कुठून कुठे गेली ते पायांवरून कळतं, तसं तुला कळेल. फोनवर तू कायम एका हाताने खात असतेस आणि दुसऱ्या हाताने कुलूप लावत असतेस, म्हणून लिहिते आहे.

इकडची बातमी म्हणजे जिन्यातला दिवा पुन्हा गेला. समोरच्या न्हाव्याने दुकानाला आतून गुलाबी रंग दिला आहे, आता दाढी करून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस लाजलेला दिसतो. वरच्या मजल्यावरची बाई सून चांगली निघाली म्हणून दुःखात आहे, तिला बोलायला विषयच उरला नाही.

आजोबा बरे आहेत. जेवतात, झोपतात. तू नोकरी धरून लांब गेलीस म्हणून ते रुसले आहेत आणि म्हणून फोनवर येत नाहीत, असं तू आईजवळ म्हणालीस म्हणे. तसलं काही नाही. रुसायचं झालं तर माझ्यावर रुसायला त्यांच्याकडे कितीतरी जास्त कारणं आहेत, आणि तरी आजवर रुसले नाहीत.

आता कामाचं. तुला स्वेटरवाली आठवते ना, मागच्या गल्लीतली, विणायच्या मशीनवर शाळेचे स्वेटर करून देते ती. तिच्या मशीनची मोटर ज्या बोर्डावर चालते तो जळला आहे. मशीनची कंपनी कधीच बंद पडली, नवा बोर्ड कुठे मिळत नाही. आजोबा तो घरीच करून द्यायचे, तांब्याचा पत्रा चिकटवलेली पाटी आणून, तुझ्यासमोर कितीदा केला आहे. थंडी तोंडावर आली. स्वेटर वेळेवर झाले नाहीत तर शाळा दुसरीकडे जाणार आणि परत येणार नाही. तर तो बोर्ड मी करायला घेतला आहे.

हो, मी. हसून झालं असेल तर पुढे वाच.

त्या बोर्डांची तू कॉम्प्युटरवर काढून ठेवलेली चित्रं बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये आहेत. तो घेऊन मी झेरॉक्सवाल्याकडे गेले. आजोबा गुळगुळीत कागदावर छापून आणायचे तेवढं लक्षात होतं, म्हणून मासिकाचं एक चकचकीत पान नेलं. त्याने छापून दिलं आणि वर ऐट दाखवत म्हणाला, आजी, अक्षरं उलटी आली होती, मी सरळ करून दिली. मीही त्याला शाबासकी देऊन आले. घरी आल्यावर शंका आली. आजोबांचा कागद बघताना मला कधी काही वाचता यायचं नाही. तेव्हा वाटायचं माझंच शिक्षण कमी पडतं. आता वाटतं तो उलटाच असायचा. तर सरळ की उलटा, एवढं कळव.

इस्त्रीचं विचारत नाही. कागद पाटीवर पालथा घालून गरम इस्त्री लावायची की काळी रेघ तांब्यावर उतरते, हे मी येता-जाता पाहिलं आहे. लोकांचे कपडे इस्त्री करूनच तुझ्या आईला वाढवलं. इस्त्री मला कोणी शिकवायची नाही.

आजोबांना का विचारत नाही असं म्हणशील. ते कामात आहेत.

उत्तर लिहूनच पाठव. फोनवर हा विषय काढू नकोस. पाकिटावर माझं नाव घाल, त्यांचं नको.

आजी


शुक्रवार, १५ तारीख

भिंगरे,

तुझं पत्र पोस्टमनने माझ्या हातात दिलं. त्याला पढवून ठेवलं होतं.

उलटाच हवा असतो म्हणजे. कागदावरचं उलटं पाटीवर उतरलं की सरळ होतं, हे तू लिहिलंस आणि मी आरशासमोर उभी राहून एकदा खात्री करून घेतली. मग पुन्हा झेरॉक्सवाल्याकडे. तो ऐकेना. म्हणाला, आजी, असं छापलं तर तुम्हाला वाचता येणार नाही. म्हटलं, मला सरळ तरी कुठे येतं, तू छाप. या वेळचं पान कुठल्याशा क्रीमच्या जाहिरातीचं होतं, त्यामुळे एका बाईच्या हसऱ्या गालावर आख्खा बोर्ड छापून आला. तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

पाटी मी लिंबू-मिठाने घासली. अशी लखलखीत केली की तुझ्या आजोबांच्या हातून जन्मात झाली नसेल. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं कांबळं पसरलं, पाटी ठेवली, कागद पालथा घातला आणि इस्त्री तापवली.

पुढचं मी कोणाला सांगणार नव्हते. पण तू सोडणार नाहीस.

मी त्याच्यावर पाणी शिंपडलं. हात आपोआप गेला. पाणी शिंपडल्याशिवाय इस्त्री लावायची नाही, हे माझ्या बोटांना माझ्याआधी माहीत असतं. मग फिरवली इस्त्री, बाहीवर फिरवावी तशी, कोपऱ्यातून मध्ये आणि मधून बाहेर. चर्र आवाज झाला, वाफ आली. कागद सरकला. उचलून बघते तर रडलेल्या बाईच्या काजळासारखा सगळा काळा फराटा.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, “तांब्याला सुरकुत्या नसतात.”

मी इस्त्री हातात धरून तशीच उभी राहिले. कारण एवढं लांब वाक्य ते कितीतरी दिवसांत बोलले नव्हते.

आता हे लिहून बसले आहे तर बाकीचंही लिहिते. ते कामात आहेत असं मी लिहिलं होतं. नाहीत. खिडकीशी बसलेले असतात. त्यांचे हात कापतात, भिंगरे. उजव्या अंगठ्यापासून सुरू झालं. मला दिसू नये म्हणून हात खिशात घालून बसायचे. जिच्या हातून त्यांचे शर्ट धुतले जातात तिच्यापासून काय लपणार? कफांवर चहा, छातीवर चहा, बाहीला सोल्डरच्या तापल्या कथलाने पडलेली भोकं. डॉक्टरणीने त्याला लांबलचक नाव सांगितलं आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी थोडा फरक आहे. जाणार नाही म्हणाली, पण सांभाळता येईल म्हणाली. बाई बरी आहे, खोटं बोलत नाही.

ते तेवढ्यावर काम करतच होते. मग स्वेटरवालीचा बोर्ड दुरुस्तीला आला. हात हलला आणि सोल्डरचा थेंब तांब्याच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये पसरला, यांना दिसला नाही. तिने मशीन लावलं, धूर निघाला, बोर्ड गेला आणि मोटरही गेली. तिने नुसतं बटण बंद केलं. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. हे घरी आले, कामाच्या खोलीतली सोल्डर वितळवायची सळई थंड होईपर्यंत त्या सळईकडे बघत बसले, मग वायर नीट गुंडाळून ठेवली आणि खोलीला कुलूप लावलं. तेव्हापासून ते मागच्या गल्लीने जात नाहीत, न्हाव्याकडेही जात नाहीत. दाढी मी करते, तेही मी ओरडल्यावर.

फोनवर का येत नाहीत तेही ऐक. फोन धरला की तो कानावर टकटक आपटतो. तुला ऐकू जाईल. मग तू विचारशील, मग ते खोटं बोलतील, मग तू ओळखशील आणि नोकरी सोडून येशील. मला बजावून ठेवलं होतं, “तिला कळता कामा नये. ती येईल आणि माझे हात होऊन बसेल.” फोन त्यांच्या उशाशी असतो, म्हणून ही पत्रं.

तेव्हा रडायचं तर आत्ताच रडून घे आणि मग पुढचं वाच, पुढचं बरं आहे.

सुरकुत्यांचं बोलून ते गप्प बसतील असं वाटलं होतं. उठून दारापर्यंत आले. फराटा पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखते. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांचा रेडिओ पुसायला घेतला तेव्हा आलं होतं. म्हणाले, पाणी नाही, वाफ नाही आणि इस्त्री फिरवायची नाही. ठेवायची, दाबायची आणि थांबायचं. मी म्हटलं, थांबलेली इस्त्री शर्ट जाळते. ते म्हणाले, हा शर्ट नाही.

काळं थिनरने पुसून पाटी पुन्हा घासली. त्याच जाहिरातीचं जादा पान छापून आणून ठेवलंच होतं. पण माझा हात काही थांबेना. ठेवला की सरकतो, ठेवला की सरकतो. तिकडे दारात यांचा हात चौकटीवर थडथडत होता. मी म्हटलं, “चांगली जोडी जमली. तुमचा हात थांबत नाही आणि माझाही नाही.”

ते हसले. नाकातून हसले, पण हसले.

मग मी स्टुलावर चढून दोन्ही हातांनी इस्त्रीवर सगळा भार टाकला आणि हे मोठ्याने आकडे मोजत उभे राहिले, मध्येच मी हलले तर पुन्हा पहिल्यापासून. पाटी पाण्यात टाकली, कागद भिजला, अंगठ्याने चोळून चोळून काढला. त्या बाईचा गाल निघून गेला आणि खाली तांब्यावर तुझ्या रेघा राहिल्या. सगळ्या. एकही फाटलेली नाही.

त्यांनी पाटी उजेडात धरायला हात पुढे केला, मग मागे घेतला. मीच धरली. बराच वेळ बघत होते.

तू इकडे यायचं नाहीस. हे नीट वाच, दोनदा वाच. आईला सांगू नकोस, ती तुझ्याआधी येईल.

तुझी, तांबं घासण्यात पटाईत, आजी


रविवार, ३१ तारीख

भिंगरे,

तुझं पत्र मिळालं. तिकीट परत कर. मी गंमत करत नाहीये. तू आलीस तर ते पुन्हा कुलूप लावतील, आणि या वेळी किल्ली कुठे टाकतील ते मला सांगणारही नाहीत.

कुलूप उघडलं आहे. कसं उघडलं ते सांगते.

पुढची पायरी म्हणजे ते तपकिरी पाणी, ज्यात पाटी बुडवली की उघडं तांबं विरघळतं आणि काळ्याखालचं राहतं. ती बाटली कामाच्या खोलीत. मी म्हटलं, किल्ली द्या, नाहीतर मी कुलूप तोडते आणि मग जिन्यातल्या दिव्यासारखं ते कुलूपही जन्मभर तसंच राहील. किल्ली दिली. वर दोघांनी हातमोजे घालायचे अशी ताकीद दिली. त्या पाण्याचा डाग जगातल्या कुठल्याही साबणाने निघत नाही, हे मला त्यांनी सांगावं लागतं का? त्यांचे किती शर्ट त्या पाण्याने खाल्ले आहेत.

पसरट ट्रे टेबलावर ठेवला, पाटी बुडवली. ट्रे सारखा हलवत राहायचा असतो, पाणी थांबलं की तांबं एकीकडे खाल्लं जातं आणि दुसरीकडे राहतं. मी हलवायला लागले तर म्हणाले, सुपात धान्य पाखडल्यासारखं करू नको, सांडेल. हळू, बारीक. मी म्हटलं, तुम्हीच दाखवा. त्यांनी दाखवायला म्हणून हात ट्रेच्या काठावर ठेवला.

पाणी हलायला लागलं. बारीक, सारखं, एकाच तालात. ते काही करत नव्हते. हात नुसता ठेवला होता.

त्यांनी हात काढला. पाणी थांबलं. मग त्यांनी माझ्याकडे न बघता हात पुन्हा काठावर ठेवला आणि तांबं उतरेपर्यंत काढला नाही. मला राहवलं नाही, म्हटलं, इतके दिवस फुकट हलवत होतात. ते म्हणाले, “गप्प बस, कोपरा राहिला आहे अजून.”

थिनरने काळं पुसलं आणि तुझ्या रेघा तांब्याच्या झाल्या. सुंदर दिसतात गं. मला असल्या गोष्टींचं कौतुक नाही, पण दिसतात.

एवढं झालं आणि अडलं. आता भोकं पाडायची आणि सुटे भाग बसवून सोल्डर करायचं. माझ्या डोळ्यांना सुईचं नाक दिसत नाही, तर ती भोकं काय दिसणार. त्यांना दिसतं पण हात जागेवर पोचत नाही. मी विचारलं, कोणाला बोलवू. त्यांनी मागच्या गल्लीच्या दिशेला पाहिलं आणि मान फिरवली. म्हणजे ज्या माणसाची बोटं सगळ्यात बारीक काम करतात तो माणूस दोघांनाही माहीत होता. एका धाग्यावरचा सुटलेला टाका उचलणारी बाई या वस्तीत एकच आहे. आणि तिच्याच समोर यांना जायचं नव्हतं.

मी त्यांना न सांगता तिला बोलावलं. त्यावर मला नंतर ऐकून घ्यावं लागलं, घेतलं.

ती आली. चपला दारात काढल्या, सरळ कामाच्या खोलीत जाऊन उभी राहिली. हे उठले, खुर्ची मागे पडली. म्हणाले, तुझी मोटर माझ्यामुळे गेली, मला आधी सांगायला हवं होतं की माझे हात आता… आणि हात तिच्यासमोर धरले. ती त्यांच्या हाताकडे बघत होती. ती बाई गोड बोलणारी नाही, म्हणून मला आवडते. म्हणाली, “मशीन जळलं, मी नाही जळले. मोटर मी जुन्या बाजारातून आणली आहे. तुमचे हात कापतात, तोंड कापत नाही ना? मग सांगा, कुठे लावू?”

यांनी खुर्ची उचलायच्या आधी तिने उचलली आणि त्यांना बसवलं, आणि स्वतः तुझ्या जुन्या स्टुलावर बसली.

त्या दोघांचं काम म्हणजे ऐकण्यासारखं होतं. हे म्हणायचे, आधी भागाची तार तापव, मग सोल्डर टेकव, वितळून स्वतः पसरू दे, तू लिंपू नको. ती म्हणायची, लोकरही ओढली की तुटते, एवढं काय सांगता. पहिली दोन-तीन टोकं गोळे गोळे झाली, ती तिने स्वतःच उचकटून काढली आणि पुन्हा केली. हे अधीर झाले की हात जास्त कापायचा, मग ती म्हणायची, तुम्ही टेबलावरून हात काढा, मला वाटतंय आगगाडीत बसून विणते आहे. आणि हे काढायचे! मी म्हटलं असतं तर काढला असता का?

लावून बघायच्या दिवशी तिला घाई होती. यांनी लावू दिलं नाही. मीटर घेऊन एकेक पट्टी तिच्याकडून तपासून घेतली, भिंगातून प्रत्येक टोकाच्या शेजारची फट बघायला लावली. एक पट्टी केसाएवढी तुटलेली सापडली. इस्त्री तिथे मी थोडी उचलली होती, माझंच काम. वर तारेचा तुकडा जोडला. तुझ्या आजोबांना किती आनंद झाला माझी चूक सापडल्यावर, सांगून सोय नाही.

मग आम्ही तिघं मागच्या गल्लीत गेलो. हे दाढी करून आले होते, न्हाव्याकडून, गुलाबी होऊन.

तिने बटण दाबलं. मशीन एकदा कुरकुरलं आणि चाललं. पुढेमागे, पुढेमागे. हे मोटरवर तळहात ठेवून ती किती तापते ते बघत उभे राहिले. खूप वेळ. ती तापली नाही. एक निळी बाही हातभर लांब झाल्यावर तिने मशीन थांबवलं आणि म्हणाली, काका, आणखी एक करून ठेवू या, हा गेला तर असावा. आणि म्हणाली, पुढच्या आठवड्यात शिवणकामवाली तिचा बोर्ड आणणार आहे, मी तिला सांगितलं आहे. यांना विचारलं नाही, सांगितलं आहे म्हणाली. हे म्हणाले, बघू. त्यांच्या ‘बघू’चा अर्थ तुला माहीत आहे.

तर आता तुझं काम. हे शेजारी बसून सांगत आहेत आणि मी लिहिते आहे, आणि प्रत्येक ओळीला तीनदा टोकत आहेत.

चित्रं पुन्हा काढ. सगळी. पट्ट्या जाड कर, दोन पट्ट्यांमधली जागा वाढव, भोकांभोवतीची वर्तुळं मोठी घे. बोर्ड थोडा मोठा झाला तरी चालेल, मशीनच्या आत जागा भरपूर आहे. कोणी विचारलं की एवढं ढोबळ का, तर सांग की आमच्या कारखान्यात इस्त्री करणारीला दिसत नाही, सांगणाऱ्याचा हात हलतो आणि सोल्डर करणारी स्वेटर विणते. तशा माणसांना करता येईल असं चित्र हवं. ते तुझ्याशिवाय कोणी काढू शकत नाही आणि ते तिथे बसून काढता येतं. म्हणून तिथेच बस.

नवीन चित्रात माझ्यासाठी एक सोय कर म्हणून मी सांगितलं. इस्त्री कुठून दाबायला सुरुवात करायची त्याची खूण एका कोपऱ्यात काढ. हे म्हणतात अशी खूण जगात कोणी काढत नाही. तू काढ.

बाकी सगळं ठीक. गोळ्या वेळेवर घेतात, मी डोक्यावर उभी राहते म्हणून. काही दिवस वाईट असतात, त्या दिवशी चमचाही मी धरते आणि आम्ही दोघं दुसरीकडे बघतो. हे लिहायचं नाही म्हणाले. लिहिलं.

आता सही करते म्हटलं तर म्हणाले, थांब, पेन इकडे दे. मी कागद धरून ठेवला आहे, दोन्ही हातांनी, इस्त्री दाबावी तसा. खाली जे दिसेल ते पेन गळल्याने पडलेलं नाही. ते तुझ्या आजोबांचं नाव आहे. वेळ लागला. सरळ नाही, पण पूर्ण आहे.

आजी, आणि